वाड्यातल्या ताईंचे पान

मुलीचे लग्न ठरले की घरात सर्वांत आधी बाहेर निघते ती आहेराची वही. सोन्याचा भाव, कार्यालयाचे भाडे, आचाऱ्याशी बोलणी हे सारे मागाहून. २०२४ च्या दसऱ्यानंतर आमच्या घरी हा योग आला, आणि सौभाग्यवतीने कपाटाच्या वरच्या खणातून, जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यात बांधलेली ती जाड पुठ्ठ्याची वही काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "तुम्ही नावं वाचा. घरी जाऊन अक्षत कोणाला द्यायची आणि मोबाइलवर कोणाचं भागेल, ते मी सांगते."

तीस वर्षे हजेरीपट वाचलेला माणूस मी. नावे वाचण्यात आपला हात कोण धरणार, अशा थाटात चष्मा लावून बसलो.

ही वही म्हणजे काय हे वाचक भगिनींना सांगायला नको. बंधूंसाठी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण वही आपल्या घरात आहे एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. ती उघडून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही. कोणाच्या घरच्या कोणत्या कार्यात आपण काय दिले आणि आपल्या कार्यात कोणाकडून काय आले, याची ती नोंद. इंदुरातले आमचे हिंदी शेजारी यालाच 'व्यवहार' म्हणतात, आणि शब्द रोखठोक असला तरी खोटा नाही. आता पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापण्याची रीत पडली आहे. आम्हीही तसेच छापले. तरी वही रद्दीत गेली नाही. कारण पैशाच्या हिशेबाचे महत्त्व कमी होत गेले, आणि आपली माणसे कोण, कोणाशी आपले येणे-जाणे आहे, याचा दाखला म्हणून ती उरली.

वाचता वाचता पहिला धक्का बसला तो असा, की त्या वहीत माझे मित्र नव्हतेच. म्हणजे होते, पण मी ज्या नावांनी त्यांना ओळखतो त्या नावांनी नव्हते. कोणी 'भिशीतल्या वहिनी' होत्या, कोणी 'शाळेसमोरच्या काकू', कोणी 'राजवाड्याकडच्या मावशी'. त्यांच्या आडून यजमान ओळखायचे. आणि मग एक पान आले. माथ्यावर लिहिले होते, 'वाड्यातल्या ताई'.

या ताई म्हणजे माझे मित्र नाना यांच्या पत्नी. १९९६ साली आम्ही रामबागेतल्या एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड केले तेव्हा समोरच्या दोन खोल्यांत हे जोडपे राहत होते. नाना माझ्याहून चार वर्षांनी वडील, बँकेत नोकरीला. मी नुकताच शासकीय शाळेत रुजू झालो होतो आणि नानांनी मला पहिल्या दिवसापासून 'मास्साब' म्हणायला सुरुवात केली. मधल्या चौकात एक नळ, एक तुळशीवृंदावन आणि दोन बिऱ्हाडांत मिळून एकच वर्तमानपत्र. पुढे त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजयनगरच्या बाजूला घर बांधले. आम्ही लोकमान्यनगरात आलो. मध्ये आठ-दहा किलोमीटरांचे अंतर पडले, पण मैत्रीत अंतर पडले नाही, असे मी अनेकदा अभिमानाने सांगत असे.

पानावरच्या नोंदी पाहिल्या. १९९७, आमच्याकडचे बारसे, चांदीचे वाळे. २००५, त्यांच्या मुलाची मुंज, आमच्याकडून पंचपात्री-पळी. २०११, त्यांची वास्तुशांत, पितळी समई. २०१९, मुलाचे लग्न. पुढे जागा कोरी.

"पुढे?" मी विचारले.

"पुढे काय? ताई गेल्या ना."

ताई २०२३ च्या भाद्रपदात गेल्या. मी तेराव्याला गेलो होतो. पहिल्या दिवाळीला ज्या घरी दुःख असते तिथे फराळ करीत नाहीत, आपण पोहोचवायचा असतो. तो मुलाबरोबर पाठवला होता. आणि नंतर? नंतर वार्षिक परीक्षा आल्या, निवडणुकीचे काम आले, शाळेची कौले बदलायची होती. मुख्याध्यापकाला सबबींचा तोटा नसतो. मी बोटे मोजली. जवळजवळ वर्षभर मी नानांच्या घरी पाऊल टाकले नव्हते. फोनही दोनच, आणि तेही एका नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांविषयी काही विचारायचे होते म्हणून.

साहजिकच मी दोष दुसरीकडे ढकलला. "तू तरी आठवण करायची होतीस," असे म्हणालो.

सौभाग्यवतीने पेन्सिल खाली ठेवली. "मी संक्रांतीचं हळदीकुंकू सांगायला आता तिथे कोणाला फोन करू? चैत्रातल्या डाळीला कोणाला बोलावू? गौरी जेवायला कोणाला सांगू? मला ज्या ज्या निमित्तानं त्या घरी जाता येत होतं ती सगळी निमित्तं ताईंबरोबर गेली. आणि अहो, नाना तुमचे मित्र ना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी यादी तिथेच राहिली.

रात्री मी आमच्या मैत्रीची उलटतपासणी घेतली. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या पाहायला दोन्ही कुटुंबे मिळून जात असू. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत. आणि झांक्या निघत राहिल्या तोवर आमचे जाणेही चालू राहिले. रात्रभर जागायचे, पहाटे पोहे-जिलबी खाऊन परतायचे. हा आमचा दोघा मित्रांचा नेम, असे मी समजत होतो. पण कोणत्या कोपऱ्यावर भेटायचे हे कोण ठरवी? मुलांचे स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, बसायला सतरंजी कोण घेई? माझ्या आईला त्या रात्री सोबत कोणाची, याची तजवीज कोणी केलेली असे? आम्ही दोघे पुढे चालत असू आणि हुकूमचंद मिलची झांकी सरस की मालवा मिलची यावर वाद घालीत असू.

२००१ साली इंदुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. या शहरात १९१७ आणि १९३५ नंतर इतक्या वर्षांनी पुन्हा संमेलन, म्हणून आम्हा दोघांच्या अंगात वारे शिरले होते. तिन्ही दिवस मांडवात. पुस्तकांच्या गाळ्यांपुढे नाना आणि मी इतके भटकलो की माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. त्या दिवसांविषयी आजही कोणी विचारले तर मी तासभर बोलू शकतो. पण बाहेरगावचे आठ पाहुणे आमच्या दोन बिऱ्हाडांत उतरले होते, त्यांचे काय? सौभाग्यवतीला विचारले तर तिला परिसंवाद एकही आठवत नाही. तिला आठवते ते असे, की कणीक संपली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, आणि ताईंनी स्वतःच्या डब्यातली उरलेली सगळी कणीक परातीत ओतून म्हटले होते, "उद्याचं उद्या बघू ग, आत्ता लाट तू." संमेलन एकच. आम्हा दोघांचे निराळे आणि त्या दोघींचे निराळे.

मराठीचा विद्यार्थी असल्यामुळे अशा वेळी पुस्तके आठवतात, त्याला इलाज नाही. महर्षी कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली. एम. ए.च्या अभ्यासात मी दोन्ही वाचली, टिपणे काढली. एका पुस्तकात संस्था, वर्गण्या आणि विचार. दुसऱ्यात त्याच काळातली घरखर्चाची ओढाताण आणि दारी येणारी माणसे. संसार मात्र एकच. त्या वयात मी पहिल्या पुस्तकाला वैचारिक म्हटले आणि दुसऱ्याला घरगुती. उत्तरपत्रिकेत असे लिहून मला गुणही चांगले मिळाले होते.

घरगुती म्हणजे दुय्यम, ही गाठ मनाला किती वयापासून बसलेली असते! बाईचा स्वभावच मायाळू, तिला माणसांची आवड, असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. स्वभाव म्हटले की ते काम राहत नाही; मग त्याची वाटणी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कोणाच्या मुलाची परीक्षा कधी, कोणाच्या सासूचे पथ्य काय, कोणाकडचा डबा आपल्याकडे राहिला आहे, हे सारे डोक्यात वागवणे हे शाळेचे वेळापत्रक लावण्याइतके किचकट काम आहे. वेळापत्रक मी लावतो, म्हणून सांगतो.

आणखी एक आठवण त्या रात्री वर आली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझे वडील १९९४ साली गेले. वाड्यातल्या पहिल्या चैत्रात आमच्याकडे गौरीचे हळदीकुंकू होते. कैऱ्या किसून डाळ आईनेच कालवली होती, पन्ह्याची चव तिनेच घेतली होती, हरभरे तिनेच भिजत घातले होते. बायका येऊ लागल्या तशी ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली. तेव्हाची रीतच तशी. मी घरात होतो. मला त्यात वावगे दिसले नाही. ताईंना दिसले. कुंकू लावून घेतल्यावर त्या वाटी हातात घेऊन सरळ आत गेल्या आणि आईशेजारी जमिनीवर बसून त्यांनी डाळ खाल्ली. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सौभाग्यवतीने मिळून ठरवले की आमंत्रण देताना कोण सवाष्ण आणि कोण नाही, हे पाहायचे नाही. वाड्यात कुजबुज झाली, थोडी नावे ठेवली गेली, आणि दोन वर्षांत सगळ्यांच्या अंगवळणी पडले. आई २०१२ पर्यंत होती. शेवटपर्यंत ती चैत्रात बाहेरच्या खोलीत बसे.

विधवा बाईला समारंभातून उठवण्याचा अन्याय आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि तो ओळखायला आपल्याला फार वेळ लागला. पण मला त्या रात्री दिसले ते याच्या पलीकडचे होते. आईचा समारंभ गेला होता, मैत्रिणी गेल्या नव्हत्या. त्या मागच्या दाराने का होईना, येत राहिल्या. नानांचा समारंभ कोणी काढून घेतला नाही. सत्यनारायणाला त्यांना आजही मानाने पाट मिळेल. पण त्यांच्या घरी जाणारी वाट ताईंच्या मागोमाग बंद झाली, आणि ती वाट वापरणाऱ्यांत मी पहिला होतो.

सकाळी मी म्हणालो, रविवारी नानांकडे जाऊन अक्षत देतो, जाताना मिठाई घेतो. सौभाग्यवती काही न बोलता मांडणीवर चढली आणि मागच्या रांगेतून एक स्टीलचा डबा काढून आणला. झाकणावर ताईंचे नाव घातलेले. "त्यांनी शेवटच्या श्रावणात पुरणाच्या पोळ्या पाठवल्या होत्या याच्यातून. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून राहिला, आणि मग... दिवाळीचा फराळही याच्यात भरायला हात धजला नाही माझा." क्षणभर थांबून म्हणाली, "याच्यात विकतचं नाही घालायचं. लाडू करू. बेसन भाजायला तुम्ही बसा."

बसलो. मंद आचेवर बेसन भाजताना हात थांबवायचा नसतो हे मला ठाऊक नव्हते, ठाऊक झाले. पाऊण तासाने खांदा भरून आला आणि मी तीनदा विचारले, "झालं का?" तिन्ही वेळा उत्तर आले, "वास सांगेल." वासाने मला काही सांगितले नाही. सौभाग्यवतीला सांगितले.

रविवारी मेट्रोच्या खांबांखालून वाट काढीत नानांच्या दारात पोहोचलो. दार उघडून ते म्हणाले, "या मास्साब! रस्ता चुकलात वाटतं?" आवाजात रोष नव्हता. असता तर बरे झाले असते. घर नको तितके नीटनेटके होते. चार खुर्च्यांपैकी एकीच्याच गादीला खळगा पडला होता. टेबलावर सात वारांच्या सात खणांची गोळ्यांची डबी. आम्ही गुडघ्यांविषयी बोललो, निवृत्तिवेतनाविषयी बोललो, मेट्रोच्या धुळीविषयी बोललो. दोन पुरुषांना बोलायला धूळ पुरते. मी अक्षत आणि पत्रिका दिली, मुलीला आशीर्वाद घेतला. मग पिशवीतून डबा काढून त्यांच्या हाती ठेवला.

झाकणावरच्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवले. "अरे, हा तुमच्याकडे होय! ही शोधत होती हो. दवाखान्यात जायच्या दोन दिवस आधी सगळी मांडणी खाली काढली होती. मी ओरडलो, एका डब्यासाठी काय एवढं म्हणून."

बराच वेळ आम्ही दोघे डब्याकडे पाहत राहिलो.

"मुलगा पुण्याहून रोज फोन करतो," नाना म्हणाले. "सूनही करते. मुलं चांगली आहेत, तिकडे या म्हणतात. पण इंदूरचं कोणी येत नाही हो. ही होती तेव्हा दाराला कडी घालायची फुरसत नसायची. मला वाटायचं, सगळे माझ्याकडे येतात."

माझ्या मनात माफीचे शब्द होते. ते बाहेर आले नाहीत. मी म्हणालो, "चहा टाकता का?" त्यांनी टाकला, फार गोड. मी पेला धुवायला उठलो तर म्हणाले, राहू द्या. मी ऐकले नाही. डबा रिकामा करून परत देताना ते अडखळले, मग फडताळातून शेवेची पुडी आणून त्यांनी ती डब्यात उलटी केली. अर्धी खाली सांडली. "ही असती तर काहीतरी नीट दिलं असतं. आणि मास्साब, पोरीला आहेर काय करायचा असतो? ही काय द्यायची? तिची एक वही होती कुठेतरी."

आहेर आणू नये असे पत्रिकेत छापले आहे, हे मी सांगितले नाही. आम्ही दोघांनी मिळून कपाट उपसले. वही सापडली ती पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. तिच्यातही एक पान होते, 'वाड्यातली धाकटी' असे वर लिहिलेले. तीच साले, तेच प्रसंग, पलीकडच्या बाजूने मांडलेले. वाळे होते, समई होती. २०१९ च्या नोंदीखाली पेन्सिलीने, जरा घाईच्या अक्षरात लिहिले होते: 'चिमणीच्या लग्नाला – महेश्वरी, जांभळी.'

आमच्या मुलीला लहानपणी ताईच चिमणी म्हणत. तिचे लग्न तेव्हा ठरलेही नव्हते.

नानांनी वही मिटली, शर्ट बदलला आणि पायात वहाणा घातल्या. तासाभराने आम्ही राजवाड्याजवळच्या एका दुकानात गादीवर बसलो होतो. अहिल्याबाईंच्या काळापासून नाव असलेली ही साडी, तिच्याविषयी आम्हा दोघांना मिळून काडीचे ज्ञान नव्हते. दुकानदाराने विचारले, सुती की रेशीम मिसळलेली? किनारीला चटई हवी की रुईफूल? घरी फोन करून विचारावे तर आहेर आमच्याच घरी यायचा होता. सगळे दाखवा, म्हणालो. त्याने एकामागून एक घड्या मोडल्या. वांग्याच्या सालीपासून जांभळाच्या गरापर्यंत नऊ-दहा साड्या आमच्यापुढे पसरल्या. नाना प्रत्येकीचा पदर उजेडाकडे धरून पाहत होते. शेवटी हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्साब, यातली जांभळी म्हणजे कुठली हो?"